डेस्कटॉपची निवड आणि भाच्याचे स्थान

लिनक्स ही मुक्त स्रोताची संगणकप्रणाली आहे, म्हणजे तिचा मूळ आज्ञासंच कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, हे विधान संगणकाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. या स्वातंत्र्याचा पहिला व्यावहारिक परिणाम असा की, संगणक सुरू केल्यावर पडद्यावर काय दिसावे यासाठी आठ-दहा पर्याय हात जोडून उभे राहतात आणि त्यांतला एक निवडता निवडता माणूस ज्या कामासाठी संगणकापुढे बसला होता ते काम विसरून जातो. परंतु त्याची नोंद पाठ्यपुस्तके घेत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव असल्याने सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा आणि झेरॉक्स ही कामे एकाच छपराखाली करणारी दुकाने येथे असणे क्रमप्राप्त आहे. अशा दुकानात संगणक बहुधा एकच असतो, आणि तो बंद पडला की समोर रांग उभी असते. पुण्यात अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्यांजवळ दुसरा संगणक असतो, त्यामुळे तेथील विचार सखोल होतो आणि निरुपयोगी राहतो.

विषयाला तातडी आली ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार थांबवला, आणि पुढची आवृत्ती बसवायची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ पासूनच्या पिढीतला प्रोसेसर हवा अशी अट असल्याने, ज्यांचे संगणक धडधाकट असूनही वयाने बाद ठरले त्यांच्यापुढे नवा संगणक घेणे किंवा जुन्यावर लिनक्स चढवणे असे दोन मार्ग उरले. (काहीच न करणे हा तिसरा मार्ग शास्त्रात बसत नसला तरी व्यवहारात त्याला तोड नाही.) योगायोग असा की, १४ ऑक्टोबर याच तारखेला, १९९६ साली, जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने केडीई या प्रकल्पाची घोषणा केली होती; युनिक्सवरच्या कोणत्याही दोन प्रोग्रामांचे रूप आणि वागणे एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा सामान्य माणसासाठी एकसारखे दिसणारे असे एकच काहीतरी असावे, हा त्याचा हेतू होता. या हेतूचे पुढे काय झाले ते लवकरच स्पष्ट होईल.

तत्पूर्वी काही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा बहुतेक गोंधळ त्या न समजल्यामुळेच होतो. संगणकाच्या यंत्रभागांशी थेट व्यवहार करणारा गाभा म्हणजे कर्नल. लिनक्स हे नाव काटेकोरपणे या गाभ्याचेच असून लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रथम खुला केला. हा गाभा आणि त्याभोवतीचे हजारो प्रोग्राम एकत्र बांधून बसवण्याजोगा केलेला संच म्हणजे डिस्ट्रो. डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि मिंट ही त्यांतली परिचित नावे होत. पडद्यावर चौकटी उमटवण्याचे काम पूर्वी एक्स नावाची व्यवस्था करीत असे, जिचा आरंभ १९८४ मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेत झाला, आणि आता ते काम वेलँड या नव्या व्यवस्थेकडे जात आहे. नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा म्हणजे डिस्प्ले मॅनेजर, चौकटी हलवणारा, झाकणारा व उघडणारा तो विंडो मॅनेजर, आणि या साऱ्यांच्या जोडीला पट्टी, मेनू, घड्याळ, फाइली पाहण्याची सोय, कॅल्क्युलेटर असा सगळा लवाजमा मिळून जे होते ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. अर्थात लोक ज्याला कम्प्युटर म्हणतात तो या उतरंडीतला फक्त सर्वांत वरचा थर असतो, आणि खालच्या कोणत्याही थरात बिघाड झाला तरी उपचार त्या वरच्या थरावरच केले जातात. या विषयातील जवळजवळ सर्व साहित्य याच एका चुकीवर उभे आहे.

केडीईची उभारणी क्यूट या साधनसंचावर झाली होती, आणि ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीच्या त्या संचाचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. या तात्त्विक कारणावरून १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा वेगळा प्रकल्प मांडला. २००० मध्ये क्यूटही मुक्त परवान्याखाली आले आणि भांडणाचे कारण संपले. परंतु बांधाचा दावा निकाली निघाला म्हणून भावकीच्या वेगळ्या झालेल्या चुली पुन्हा एक होत नसतात, हे रेणापुरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पुढे त्या चुलींच्याही चुली झाल्या. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली, तिने चौकट खाली दडवण्याचे बटण नेहमीच्या जागेवरून काढून टाकले आणि डेस्कटॉपवर फाइली ठेवण्याची सवयही मोडीत काढली, तेव्हा जुन्याच आवृत्तीवर जीव असलेल्या अर्जेंटिनातील एका प्रोग्रामरने ती मेट या नावाने चालू ठेवली, मिंटवाल्यांनी सिनॅमन हा आपला निराळा डेस्कटॉप काढला, आणि उबुंटूने त्याच महिन्यात युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे करून २०१७ मध्ये तो सोडून दिला. एक्सएफसीई आणि एलएक्सडीई ही हलकीफुलकी मंडळी या वादात न पडता आपापले काम करीत राहिली, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी फारसे कोणी भांडत नाही.

ग्नोमचे बोधचिन्ह एक पाऊल आहे. मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या सणाला दारापासून आत उमटणारी पावले नेहमी जोडीने असतात आणि त्यांना बोटे पाच असतात. ग्नोमचे पाऊल एकटेच असून त्याला बोटे चार आहेत, आणि गरज नसलेली प्रत्येक गोष्ट काढून टाकण्याचे या प्रकल्पाचे धोरण पाहता पाचवे बोट कुठे गेले असेल याचा अंदाज बांधता येतो. केडीईचे धोरण नेमके उलट, म्हणजे जी गोष्ट बदलता येईल ती बदलण्याची सोय देण्याचे आहे. परंतु त्याच्या चौथ्या आवृत्तीत पडद्याच्या कोपऱ्यात काजूच्या आकाराचे एक चिन्ह येऊन बसले आणि नेमके तेच काढता येईना, तेव्हा केवळ तो काजू नाहीसा करण्यासाठी एकाने स्वतंत्र जोडप्रोग्राम लिहिला आणि त्याचे नावच काजूविषयी द्वेष व्यक्त करणारे ठेवले. खुद्द टोरव्हाल्ड्स हे २००५ मध्ये लोकांना केडीई वापरण्याचा सल्ला देत होते, चौथ्या आवृत्तीनंतर ते ग्नोमकडे गेले, २०११ मध्ये ग्नोमवर रागावून एक्सएफसीईकडे वळले आणि काही काळाने पुन्हा ग्नोमकडे परतले. ज्या विषयात प्रणालीच्या जनकाचे मत वर्षानुवर्षे स्थिरावत नाही, त्या विषयात रेणापूरच्या दुकानदाराने आधी मत बनवून मग काम सुरू करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

डेस्कटॉप कसा निवडावा याविषयी जगभर मुबलक मार्गदर्शन उपलब्ध असून त्यात मेमरीचा वापर, सजावटीची सोय आणि नवेपणा असे निकष दिलेले असतात. रेणापुरात प्रत्यक्ष लागू पडणारा निकष त्यांत कोठेही नसतो, आणि तो म्हणजे भाचा. भाचा ही येथे व्यक्ती नसून संस्था समजावी: लातूरच्या शिकवण्यांमधून बाहेर पडलेला, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला, हिंजवडीत नोकरीला असलेला आणि दिवाळीला गावी येताना पेन ड्राइव्ह आणणारा कोणताही तरुण, मग तो नात्याने पुतण्या असो वा शेजाऱ्याचा मुलगा, या विवेचनापुरता भाचाच होय. त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जो डेस्कटॉप असेल तोच मामाच्या दुकानातल्या संगणकावर बसतो, आणि भाच्याचे मत दर दिवाळीला बदलत असल्याने पुढच्या वर्षी जुना न काढता त्याच्यावरच नवा चढवला जातो. तांत्रिकदृष्ट्या यात काही गैर नाही, कारण एका संगणकावर दोन-तीन डेस्कटॉप सुखाने राहू शकतात आणि पासवर्डच्या पडद्यावरील एका लहानशा चिन्हावर टिचकी मारून हवा तो निवडता येतो. मात्र प्रत्येक डेस्कटॉप आपला लवाजमा सोबत आणतो, त्यामुळे मेनूत दोन कॅल्क्युलेटर, दोन टिपणवह्या आणि फाइली पाहण्यासाठी नॉटिलस, डॉल्फिन व निमो असे तीन निरनिराळे प्रोग्राम दिसू लागतात; पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ग्नोमच्या आणि केडीईच्या दोन वेगळ्या तिजोऱ्या असतात आणि दोघी वायफायचा पासवर्ड स्वतंत्रपणे विचारतात. तीन दिवाळ्या पाहिलेला संगणक कोणत्या विचारसरणीचा आहे हे मग त्यालाही सांगता येत नाही.

दिवाळी संपून भाचा पुण्याला परतल्यानंतर दुरुस्तीचे काम फोनवरून चालते, आणि त्याचा नमुना पुढीलप्रमाणे असतो.

"मामा, डाव्या हाताला खाली बघा, काय दिसायलंय?"

"काहीच दिसंना गेलंय."

"पट्टी असंल की खाली."

"पट्टी वर हाय. खाली काही नाही."

"वर? मग तुम्ही दुसऱ्याच सेशनमध्ये शिरलाव."

"मी कुठंच शिरलो नाही बाबा. लाइट गेल्ती, आल्यावर पासवर्ड टाकला."

पासवर्ड टाकताना चुकून त्या लहान चिन्हावर टिचकी पडलेली असते, गेल्या-गेल्या वर्षीचा डेस्कटॉप उघडलेला असतो, आणि लॉग आउट करून दुसरे नाव निवडले की काम संपते. परंतु एवढ्यासाठी अर्धा तास जातो, कारण भाचा हिंजवडीत बसून स्वतःच्या पडद्याचे वर्णन करीत असतो आणि मामा ते वर्णन रेणापूरच्या पडद्यावर शोधत असतो. यातून निघणारा नियम सरळ आहे. बिघाडाच्या वेळी ज्याला फोन लावायचा आहे, त्याच्या आणि लावणाऱ्याच्या पडद्यावर एकच चित्र असले पाहिजे. ते चित्र कोणते असावे हा त्यानंतरचा, आणि खरे पाहता किरकोळ, प्रश्न आहे.

बिघाडांचा विचार करू लागल्यास असे दिसते की डेस्कटॉपला ज्यासाठी दोषी धरले जाते ते बहुतेक दोष त्याचे नसतात. याचे सर्वांत शुद्ध उदाहरण प्रिंटरचे आहे. लिनक्सवर छपाईचे काम कप्स नावाची यंत्रणा करते आणि ती ग्नोम, केडीई, एक्सएफसीई या सर्वांखाली एकच असते. प्रिंटर बंदिस्त छपाईभाषा बोलणारा असेल आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी बोलणारा दुभाषी प्रोग्राम, बसवलेला नसेल तर तो कोणत्याही डेस्कटॉपखाली तितक्याच निर्धाराने गप्प राहतो. तरीही सातबारा छापला जात नाही म्हणून ग्नोम काढून केडीई घातला, असे वर्तन आढळते; आणि नव्या डेस्कटॉपसोबत आलेल्या एखाद्या पूरक संचातून योगायोगाने ड्रायव्हरही आला व कागद बाहेर पडला, तर केडीई छपाईला चांगला, हा सिद्धांत तालुक्यात कायमचा रूढ होतो.

दुसरे उदाहरण पासवर्डच्या फेऱ्याचे. योग्य पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचाच पडदा समोर आला, असे घडले की सर्वसाधारण प्रतिक्रिया म्हणजे तोच पासवर्ड अधिक जोराने बडवणे ही होय. येथे पासवर्ड बरोबरच असतो, कारण चुकीचा असता तर तसे स्पष्ट सांगितले गेले असते. सत्र सुरू होताना लागणाऱ्या लहानशा फाइली लिहायला डिस्कवर जागा नसते, किंवा त्यांतल्या एखाद्या फाइलीची मालकी चुकून प्रशासकाच्या खात्याकडे गेलेली असते. दुकानाच्या संगणकात पहिले कारण अधिक संभवते: तीन खरिपांचे आणि दोन रब्बींचे अर्ज, गावच्या निम्म्या लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो डाउनलोड्स या कप्प्यात साचून राहतात, कारण गिऱ्हाईक पुन्हा येईल या आशेने काहीही पुसले जात नाही. उपाय असा की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन या कळा एकत्र दाबून केवळ अक्षरांच्या पडद्यावर जावे, तेथे नाव व पासवर्ड द्यावा, जो येथे मुकाट्याने स्वीकारला जातो, आणि आवश्यक नसलेल्या फाइली काढाव्यात. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे पाहताच रांगेतले लोक व्हायरस आला असे म्हणू लागतात. त्यांना उत्तर देऊ नये.

अद्ययावत करणे चालू असताना वीज जाणे हा प्रकार तर बिघाडांच्या यादीत न धरता ऋतुमानातच धरावा. जोडणी अर्धवट राहते, पुढच्या वेळी नवे काही बसेनासे होते आणि यंत्र एक लांब तक्रार दाखवते. ती तक्रार नीट वाचल्यास पुढे कोणती आज्ञा द्यायची तेही त्यातच लिहिलेले असते, परंतु संगणकाने दाखवलेला मजकूर वाचण्याची प्रथा नसल्याने तिचा फोटो काढून भाच्याला पाठवला जातो, आणि भाचा ती आज्ञा त्याच फोटोतून वाचून परत पाठवतो.

एक दोष मात्र खरोखर डेस्कटॉपचा म्हणता येतो. एक्सएफसीईतून बाहेर पडताना आताची मांडणी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू का, असा प्रश्न एका बारीक चौकोनात विचारलेला असतो. एखाद्या दिवशी खालची पट्टी काही कारणाने कोसळलेली असताना त्या चौकोनावर टिचकी पडली, तर संगणक पट्टी नसलेली ती अवस्थाच श्रद्धेने जपतो आणि रोज सकाळी तीच उभी करतो. अशा वेळी जपून ठेवलेली सत्रे पुसली की पट्टी परत येते. मुळात दोष प्रणालीचा आहे की एका खात्याच्या साठलेल्या आवडीनिवडींचा आहे, हे ओळखण्याचा निर्दोष मार्ग म्हणजे नवे खाते काढून त्यात शिरून पाहणे. तेथे सर्व ठीक चालत असेल तर जुन्या खात्यातील, नावाआधी टिंब असलेल्या दडलेल्या कप्प्यांमध्ये बिघाड आहे असे समजावे. या चाचणीला दोन मिनिटे लागतात आणि ती कोणीही करीत नाही, कारण सर्व काही पुन्हा नव्याने बसवण्यात जो पराक्रम आहे तो तिच्यात नाही.

मराठी टंकलेखनाच्या बाबतीत निवडीला थोडा अर्थ आहे. इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य कळमांडणी लिनक्सच्या मूळ कळव्यवस्थेतच समाविष्ट असल्याने कोणत्याही डेस्कटॉपवर चालते. परंतु इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहायचे तर आयबस हा मध्यस्थ लागतो, तो ग्नोममध्ये जोडलेलाच येतो आणि इतर ठिकाणी त्याला वेगळे बसवून, प्रत्येक प्रोग्रामशी त्याची ओळख करून द्यावी लागते. म्हणून अर्ज मराठीत भरून देणाऱ्याने ग्नोमला एक गुण अधिक द्यायला हरकत नाही, आणि तो गुण ग्नोम मेमरीच्या वापरात लगेच गमावतो. अर्थात मेमरीचाही बाऊ केला जातो. चार जीबीच्या संगणकावर हलक्या डेस्कटॉपने जे काहीशे एमबी वाचतात, ते ब्राउझरमधल्या थोड्याशा टॅब गिळून टाकतात. आणि सातबारा, विमा व शिष्यवृत्ती ही सर्व कामे ब्राउझरमध्येच होत असल्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत डेस्कटॉप फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जो वेग मिळतो तो चार डेस्कटॉप बदलूनही मिळत नाही, पण त्याला पैसे पडतात आणि डेस्कटॉप फुकट असतो.

संस्थात्मक बाजूबद्दल थोडक्यात सांगता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्या आधारे बॉस ही भारतीय डिस्ट्रो २००७ मध्ये आणली आणि तीत मराठीची सोय आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह मोफत मिळतात. याउलट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील पिढीने २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गात जो संगणक पाहिला तो विंडोजचा होता, आणि केरळच्या सरकारी शाळांतील मुले लिनक्सवरच संगणक शिकली, यापेक्षा वेगळे कारण दोन राज्यांतील फरकासाठी शोधण्याची गरज नाही. फ्लेक्सच्या दुकानांचा प्रश्न निराळा आहे. नवरात्रात रेणुकादेवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे झळकवायचे तर कोरलड्रॉ हवे, आणि ते लिनक्सवर नाही. एके काळी मात्र होते, कारण याच कोरल कंपनीने १९९९ मध्ये केडीई हा डेस्कटॉप असलेली स्वतःची लिनक्स काढली होती आणि २००० मध्ये कोरलड्रॉची लिनक्ससाठीची आवृत्तीही आणली होती. दोन्ही फार टिकल्या नाहीत. त्या टिकल्या असत्या तर मराठवाड्यातला प्रत्येक वाढदिवस आज मुक्त स्रोतावर साजरा झाला असता.

तेव्हा रेणापुरात जुन्या संगणकावर लिनक्स बसवू पाहणाऱ्याने प्रथम पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, ती चालवून पाहावी. प्रिंटर, वायफाय आणि अंगठा घेण्याचे यंत्र जोडून खात्री करावी, आणि अंगठ्याच्या यंत्राला लिनक्सचा ड्रायव्हर नसेल तर त्या कामापुरता विंडोजचा संगणक वेगळा ठेवावा, कारण तेथे कोणताही डेस्कटॉप उपयोगी पडत नाही. दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ आधाराची आवृत्ती घ्यावी, तिच्यावर मेट, एक्सएफसीई किंवा सिनॅमन यांपैकी भाच्याला येत असेल तो एकच डेस्कटॉप ठेवावा, तो ठेवताना भाच्याकडून पुढच्या दिवाळीला मत न बदलण्याचे वचन घ्यावे, आणि खरिपाच्या विम्याची मुदत संपायला आठवडा उरलेला असताना यांपैकी काहीही करू नये.